आधी हात, मग श्वास

(कवयित्री बहिणाबाई चौधरी यांच्या स्मरणार्थ हजीरा येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दरूप)



 मुलताईला उगम पावलेली तापी 724 किलोमीटर वाहत येऊन इथे, हजीऱ्याजवळ, समुद्राला मिळते. तिच्या वाटेवर खानदेश लागतो. बहिणाबाईंचं माहेर असोदा आणि सासर जळगाव, दोन्ही याच तापीच्या खोऱ्यातली. तुमच्यापैकी कितीतरी जणांचं गावही तिथलंच आहे. कुणी अमळनेरचं, कुणी चोपड्याचं, कुणी शिरपूरचं, कुणी नंदुरबारचं. भुसावळहून सुरतेला येणाऱ्या गाडीने तुमचे आईवडील उधन्याला उतरले, लिंबायत, पांडेसरा, डिंडोलीत राहिले, कुणी लूमवर लागलं, कुणी पुढे या पट्ट्यातल्या कारखान्यांत आलं. इथे पोलाद होतं, खत होतं, समुद्रातून आलेला वायू इथून पाइपलाइनने थेट उत्तर भारतापर्यंत जातो. या सगळ्यामागे जे हात आहेत, त्यांच्या मनाबद्दल मला आज बोलायचं आहे.

बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. तरीही माणसाच्या मनाविषयी मराठीत जे उत्तम लिहिलं गेलं, त्यात त्यांची मनावरची कविता फार वरच्या जागी आहे. मन आवरत नाही, हाकललं तरी फिरून येतं, हे त्यांनी पाहिलं होतं आणि न लाजता सांगितलं होतं. त्यांच्या स्मृतीला वंदन करून मी हाच विषय घेतो: अस्वस्थ मनाचं काय करायचं?

या गावाला चिंता नवी नाही. सप्टेंबर 1994 मध्ये सुरतेत प्लेगची बातमी पसरली आणि लाखो माणसं मिळेल त्या गाडीने शहर सोडून पळाली. खानदेशातली कितीतरी घरं त्या आठवड्यात परतलेल्या माणसांनी भरली होती. ऑगस्ट 2006 मध्ये उकाई धरणातून पाणी सुटलं आणि बहुतेक सुरत पाण्याखाली गेली. त्या पुराची आठवण असलेली माणसं अजूनही पावसाळ्यात धरणाच्या पातळीची बातमी आधी बघतात. अशी भीती समजण्यासारखी आहे. तिला कारण आहे आणि ती आपल्याला सावध ठेवते.

दुसरी भीती मात्र कारणाशिवाय थांबून राहते. रात्रपाळी करून माणूस सकाळी खोलीवर येतो. अंग थकलेलं असतं, पण डोळा लागत नाही. खिडकीला चादर लावली तरी उजेड आत येतो, कारण शरीराचं घड्याळ सूर्यावर चालतं आणि दिवसा घेतलेली झोप तुटक असते. मग डोक्यात चक्र सुरू होतं. ठेकेदार पुढच्या महिन्यात ठेवेल का? गावाकडे आईच्या औषधाचे पैसे पोचले का? मुलीची फी, हप्ता, गेटवर काल झालेला शब्द. एक विचार संपत नाही तोच दुसरा. छाती धडधडते, श्वास वरच्यावर चालतो, मान आणि जबडा ताठ होतो, पोटात गोळा येतो. समोर काहीही नसताना शरीर मात्र संकटाच्या तयारीत उभं असतं. मेंदूतली धोक्याची सूचना देणारी यंत्रणा खरा धोका आणि मनातला धोका यांत फारसा भेद करत नाही. म्हणून चिंता म्हणजे मनाचा दुबळेपणा समजू नका. ते शरीराचं काम आहे, चुकीच्या वेळी चाललेलं.

आणि तुम्ही एकटे नाही. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने 2015-16 मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात, देशातल्या दर शंभर प्रौढांमागे साधारण 10 ते 11 जणांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक आजार असल्याचं दिसलं. त्यातल्या बहुसंख्यांपर्यंत कसलेही उपचार पोचलेले नव्हते.

अशा माणसाला आपण काय सांगतो? "टेन्शन घेऊ नको. मन शांत ठेव." सांगणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण हा सल्ला लागू पडत नाही. मनाला गप्प बसायचा हुकूम दिला की ते अधिक बोलतं. चिंतेने पछाडलेल्या माणसाला एकदम डोळे मिटून बसवलं, तर पुष्कळदा त्याची तगमग वाढते, कारण आता त्याच्या आणि चिंतेच्या मध्ये काहीच उरत नाही. मग तो म्हणतो, ध्यान माझ्याच्याने होणार नाही, आणि ते कायमचं सोडून देतो.

माझं आजचं म्हणणं एवढंच आहे की, क्रम बदलून पाहा. आधी हातांना काम द्या, मग श्वासाकडे या. निर्मिती आणि ध्यान या दोन वेगळ्या वाटा नाहीत. एकीवरून चालत गेलं की दुसरी लागते.

याचा पुरावा बहिणाबाईंच्याच आयुष्यात आहे. 1880 साली नागपंचमीला जन्म, लहानपणी लग्न, तिशीच्या सुमारास वैधव्य, मागे मुलं, शेताचं आणि घराचं काम. दुःख करत बसायला त्यांना वेळ नव्हता. पहाटे उठून दळावंच लागे. ते दळण कष्टाचं होतं, त्याचं कौतुक करण्यात मला रस नाही. घराघरांतल्या बायकांच्या खांद्यांनी आणि पाठीने त्याची किंमत मोजली आहे. पण त्या सक्तीच्या कामात बहिणाबाईंनी एक गोष्ट स्वतःची केली. दळण घराचं होतं, ओवी त्यांची होती. जात्याच्या फेऱ्याला त्यांनी शब्द जोडला, शब्दाला दुःख जोडलं, आणि मनात घोळत राहिलेलं दुःख बाहेर येऊन गाणं झालं. मुलगा सोपानदेव आणि नात्यातल्या एका भावाने ती गाणी वेळोवेळी टिपून ठेवली. बहिणाबाई 3 डिसेंबर 1951 रोजी गेल्या, आणि पुढच्याच वर्षी आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ती प्रसिद्ध झाली. छापण्यासाठी त्यांनी एकही ओवी रचली नव्हती, हे आपण लक्षात ठेवावं.

जात्यावर बसलेल्या बाईच्या शरीरात काय होतं ते पाहा. हात एका लयीत फिरतो. ओवीचा चरण संपेपर्यंत श्वास हळूहळू बाहेर जातो, मग थोडक्यात आत येतो, आणि पुन्हा लांब उच्छ्वास. लांब उच्छ्वासाने हृदयाची गती मंदावते, शरीराला विश्रांतीकडे नेणारी मज्जासंस्था जागी होते, हे आज शरीरशास्त्र सांगतं. आपल्या आज्यांनी हे शास्त्र वाचलं नव्हतं, पण त्या रोज पहाटे ते करत होत्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हिन या संशोधकांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. सासर, माहेर, मेलेलं मूल, दूर गेलेला भाऊ, विठोबा, सगळं त्यांत आहे. इतकी वर्षं इतक्या बायकांनी आपलं मन त्या दगडापाशी मोकळं केलं.

आता दुसरं उदाहरण सांगतो. सुरतेहून मुंबईला जाताना रेल्वेत डहाणू लागतं. त्या भागातल्या वारली पाड्यांवर जिव्या सोमा म्हसे वाढले. लहान वयात त्यांची आई गेली आणि मुलाचं बोलणंच थांबलं. तो मुलगा मातीत बोटाने चित्रं काढून आपलं म्हणणं सांगू लागला. वारल्यांमध्ये लग्नात भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहिणं हे सुवासिनींचं काम. या मुलाने तीच तांदळाच्या पिठाची पांढरी रेघ हातात घेतली आणि लग्नविधीच्या बाहेर, रोजच्या जगण्याकडे नेली. माणसं, बैल, मुंग्या, मासेमारीचं जाळं, तारपा वाजवणाऱ्याभोवती फिरणारा नाच. पुढे चित्रकार भास्कर कुलकर्णींनी ही चित्रं जगासमोर आणली, 2011 मध्ये जिव्या म्हसे यांना पद्मश्री मिळाली, 2018 मध्ये ते गेले. पद्मश्री ही या गोष्टीतली मोठी बाब नाही. जे मूल बोलू शकत नव्हतं, त्याला बोलायला जागा सापडली, ही मोठी बाब आहे. दुःखाला शब्द नसतील तर रेघ चालते, ताल चालतो, सुईदोरा चालतो.

हाताने काही घडवताना मनाचं काय होतं, यावर आता अभ्यासही झाले आहेत. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासासाठी फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल विद्यापीठात 39 प्रौढांना पाऊण तास माती, रंग, कागद देऊन बसवलं. त्याआधी आणि नंतर त्यांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाशी जोडलेलं संप्रेरक, मोजलं. सुमारे 75 टक्के जणांमध्ये ते कमी झालं. कलेचा पूर्वानुभव असला-नसला, याने फरक पडला नाही. अभ्यास छोटा आहे, त्यावरून फार मोठे दावे करू नयेत. पण चित्र चांगलं आलं पाहिजे अशी अट मनाने घातलेली नाही, एवढं त्यातून घ्यावं. जेम्स पेनबेकर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1986 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, आयुष्यातल्या सर्वांत क्लेशकारक घटनेबद्दल लिहायला सांगितलं. लिहिताना त्यांना वाईट वाटलं. पण पुढच्या महिन्यांत इतरांच्या तुलनेत त्यांचं दवाखान्यात जाणं कमी झालं. जे डोक्यात गोल फिरतं, ते कागदावर एका ओळीत उभं राहतं. त्याला सुरुवात मिळते, शेवट मिळतो.

इथे बसलेल्या भगिनी मला विचारतील, आम्ही तर दिवसभर हातानेच काम करतो, साड्यांना खडे-टिकल्या लावतो, धागे कापतो, मग आमचं मन का शांत होत नाही? प्रश्न अगदी रास्त आहे. त्या कामावर नगाचा दर आहे, संध्याकाळी माल घ्यायला माणूस येणार आहे, वेग दुसऱ्याच्या हातात आहे. मन निवायला अशी एखादी घटका हवी, जिचा वेग आपण ठरवतो आणि जिचं फळ कुणाला द्यावं लागत नाही. रोजच्या त्या घाईत अर्धा तास तरी सुई स्वतःसाठी चालावी. गोधडी शिवा, दारात रांगोळी काढा, वहीत आईची गाणी उतरवून ठेवा. पुरुषांनीही लाजू नये. भजनाला टाळ धरा, बासरी शिका, लाकूड कोरा. आणि त्याचा फोटो लगेच स्टेटसला टाकू नका. किती जणांनी पाहिलं हे मोजायला लागलं की तीच चिंता दुसऱ्या दाराने आत येते.

डॉ. अनिल अवचट आपल्या सर्वांना माहीत आहेत. ओरिगामी, काष्ठशिल्प, बासरी, चित्रं, किती गोष्टी त्यांनी मन लावून केल्या आणि 'छंदांविषयी' या पुस्तकात त्यावर लिहिलं. 1986 मध्ये डॉ. अनिता अवचट आणि त्यांनी पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र उभं केलं. व्यसन हा पुष्कळदा चिंता बुडवण्याचा प्रयत्न असतो. गुजरातेत दारूबंदी आहे, पण गुटखा, तंबाखू आणि चोरून मिळणारी दारू या पट्ट्यात काय करते, हे मी तुम्हाला सांगायला नको. चिंतेचं ते औषध काही तासांत उतरतं आणि चिंता व्याजासह परत येते.

हात स्थिर झाले, मन थोडं सैल झालं, की मग श्वासाकडे यायचं. इथेही आपल्याला दूर जायची गरज नाही. 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी दर रविवारी कैद्यांसमोर गीतेवर प्रवचनं दिली. अठरा अध्याय, अठरा प्रवचनं. ती साने गुरुजींनी टिपून घेतली म्हणून आज आपल्याला मिळाली. ऐकणारे संन्यासी नव्हते, पहारा आणि कष्ट यांत दिवस काढणारे कैदी होते. सहाव्या अध्यायावर बोलताना विनोबांनी ध्यानासाठी तीन गोष्टी सांगितल्या: चित्ताची एकाग्रता, तिला पोषक अशी जीवनातली परिमितता, आणि समदृष्टी. मधली गोष्ट आपण विसरतो. खाणं, बोलणं, बघणं, झोपणं यांना माप नसेल, तर सकाळी दहा मिनिटं डोळे मिटून काही साधत नाही. रात्रपाळीहून आल्यावर तासभर मोबाईलवर बातम्या आणि भांडणं पाहायची आणि मग मन स्थिर होत नाही म्हणायचं, हे बरोबर नाही. ध्यानाची पहिली पायरी पुष्कळांसाठी फोन दुसऱ्या खोलीत ठेवणं हीच आहे.

त्याच खानदेशात, अमळनेरला, जगन्नाथ गणेश गुणे नावाचे शिक्षक होते. गुजरातेत नर्मदाकाठी मालसर इथे परमहंस माधवदासजींकडे ते योग शिकले, आणि पुढे स्वामी कुवलयानंद या नावाने त्यांनी 1924 मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केलं. योगाचा शरीरावर काय परिणाम होतो हे प्रयोगशाळेत मोजून पाहायचं, हा त्यांचा आग्रह होता. चमत्काराची भाषा त्यांनी केली नाही. आपणही करू नये. 2014 मध्ये ध्यानावरच्या 47 चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हा चिंता आणि उदासी यांवर ध्यानाचा मध्यम पण खरा उपयोग दिसला. अमेरिकेत चिंताविकाराच्या 276 रुग्णांवर झालेल्या आणि 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, आठ आठवड्यांचा ध्यानाचा अभ्यास हा एका प्रचलित गोळीइतकाच परिणामकारक ठरला. पण तो अभ्यास शिक्षकाच्या देखरेखीखाली होता आणि घरी रोज पाऊण तास करायचा होता. इगतपुरीच्या विपश्यना केंद्रातही दहा दिवसांचं शिबिर असतं आणि त्यातले पहिले तीन-साडेतीन दिवस फक्त येणारा-जाणारा श्वास पाहायचा असतो. सारांश असा की ध्यान हे काम आहे, रोजचं, कंटाळवाणं वाटणारं, हळूहळू फळणारं.

करायचं कसं? हातकाम झाल्यावर तिथेच बसा. पाठ ताठ, पण अंग सैल. नाकाने श्वास घ्या आणि घेतला त्यापेक्षा सावकाश सोडा. दहा-वीस श्वास असे झाले की मोजणं सोडा, नुसता श्वास जाणवू द्या. मन पळेल. पळालं हे कळलं, की रागावू नका, त्याला परत आणा. पुन्हा पळेल, पुन्हा आणा. हे परत आणणं हेच ध्यान आहे, मन न पळणं हे नव्हे. श्वास पाहताना घाबरायला झालं तर डोळे उघडा, पाय जमिनीला टेकल्याचं जाणवू द्या, आणि पुन्हा हातातल्या कामाकडे जा. पहिले काही आठवडे दहा मिनिटं पुरेत. पाळी बदलली तरी वेळ 'उठल्यावर' किंवा 'झोपण्याआधी' अशी बांधून घ्या, घड्याळाच्या आकड्याला बांधू नका.

आता मी एका अवघड गोष्टीकडे येतो. ज्यांनी विनोबांची प्रवचनं टिपली, नाशिकच्या तुरुंगात 1933 मध्ये काही दिवसांत 'श्यामची आई' लिहिली, शंभरावर पुस्तकं लिहिली, प्रार्थना केली, मुलांवर जीव लावला, त्या साने गुरुजींनी 11 जून 1950 रोजी आपलं जीवन संपवलं. त्यांच्या मनात काय होतं याचा निवाडा करण्याचा अधिकार मला नाही. पण त्यांच्यावर प्रेम करणाऱ्या आपण सर्वांनी एवढं शिकावं की निर्मिती आणि प्रार्थना यांनी मनाला मोठा आधार मिळतो, हमी मिळत नाही. झोप आठवडेच्या आठवडे उडाली, काम सुचेना, अचानक छाती आवळून मरणार असं वाटू लागलं, जगू नये असे विचार आले, तर बासरी आणि श्वास यांच्या भरवशावर थांबू नका. डॉक्टरांकडे जा. मधुमेहाची गोळी घेताना आपण लाजत नाही, मनाची गोळी घेतानाही लाजू नका. आधीच गंभीर मानसिक आजार असेल, तर दीर्घ मौनाच्या शिबिराला डॉक्टरांना विचारल्याशिवाय बसू नका.

आणि कारखाने, ठेकेदार, व्यवस्थापक यांनाही मला नम्रपणे सांगायचं आहे. कामगाराला ध्यान शिकवा, जरूर शिकवा. पण पाळ्यांचं वेळापत्रक वेळेवर कळवणं, पगार वेळेवर देणं, यंत्र सुरक्षित ठेवणं, सलग रात्रपाळ्यांना मर्यादा घालणं, ही मनःशांतीचीच कामं आहेत. खऱ्या अन्यायाने अस्वस्थ झालेल्या माणसाला नुसतं शांत हो म्हणणं योग्य नाही. त्याची अस्वस्थता खरं बोलत असते.

शेवटी एक मागणं. आपली माणसं श्रावणात सुरतेतही कानबाई बसवतात, रोट करतात, रात्र जागवतात, बायका गाणी म्हणतात. त्या रात्री कुणी एकटं नसतं आणि मन हलकं होतं. वर्षातली ती एक रात्र आपण आठवड्यात एकदा आणू शकतो. प्रत्येक वसाहतीत एक खोली मिळवा. तिथे टाळ, एखादी ढोलकी, रंग, सुईदोरा, मराठी आणि गुजराती पुस्तकं ठेवा. आठवड्यातून एकदा तासभर जमा, अर्धा तास हाताने काही करा, थोडा वेळ मिळून गप्प बसा, आणि मग बोला. ज्याचा आवाज काही दिवसांपासून ऐकू आला नाही, त्याच्या दारावर जाऊन विचारा. आणि भिंतीवर मोठ्या अक्षरात एक क्रमांक लिहून ठेवा: 14416. ही केंद्र सरकारची 'टेली-मानस' सेवा आहे, 2022 पासून रात्रंदिवस चालू आहे, फोन करायला पैसे पडत नाहीत आणि मराठीतही बोलता येतं. आज घरी गेल्यावर हा क्रमांक आपल्या फोनमध्ये घाला, आणि तुमच्या पाळीतल्या एका तरी माणसाला द्या.